दारातला पाठमोरा माणूस

गेंग देशेंगने उभा जन्म लोकांच्या भिंती सजवल्या आणि स्वतःची कोरी ठेवली. चीनमधल्या दाफेन गावातल्या चित्रांच्या कारखान्यात तो परदेशी अतिवास्तव चित्रांच्या नकला रंगवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यावरूनच त्या सकाळी, सतराव्या मजल्यावरच्या नव्या घरात, बायको शूलान त्याला नको तितकं टोचून बोलली. तो नेहमीसारखा अधू डावा पाय ओढत कामावर गेला आणि तिथेच, हातात कुंचला असतानाच, वारला.

मेलेला माणूस सातव्या रात्री एकदा घरी येतो. पण या घरात देशेंग जेमतेम आठवडाभर राहिलेला. त्याला वाट सापडायची कशी, या काळजीने शूलानला घास गिळेना. तिला त्याची माफी मागायची होती, बाकी काही नको होतं. शेवटी, स्वतःच्या कामाच्या खुणेवर तरी तो येईल म्हणून, तिने कारखान्याच्या मालकाकडून देशेंगच्या हातचं एक चित्र विकत घेतलं. सगळं त्यानेच रंगवलंय, असं मालक छातीठोकपणे म्हणाला. विकणाऱ्याच्या जिभेला कुठे हाड असतं. चित्रात ओसाड वाळूवर नुसतंच एक दार होतं, दारात करड्या डगल्यातला पाठमोरा माणूस आणि पलीकडे भरदुपारी चांदण्यांचं आभाळ.

सातव्या रात्री चित्र तिने पलंगासमोर टांगलं, आलेल्याची पावलं उमटावीत म्हणून रीतीप्रमाणे घरभर पीठ भुरभुरलं आणि दुलई डोक्यावरून ओढून घेतली. आलेल्याकडे बघायचं नसतं, नाहीतर त्याचा पाय निघत नाही. दुलईआडूनच ती माफी मागत राहिली. अगदी जवळ कुणीतरी ऐकत उभं होतं.

सकाळी चित्राखालून पलंगापर्यंत बुटांचे ठसे होते, चांगले सरळ. मेल्यावर तरी पाय बरा झाला म्हणायचा, असं वाटून तिला भरून आलं. परतीचे ठसे नव्हते, तेही तिला गोडच वाटलं.

आनंदाच्या भरात तिने चित्राचा फोटो म्हाताऱ्या पांगला पाठवला. तो देशेंगच्या शेजारी बसून रंगवायचा. त्याचा लगेच फोन आला.

"वहिनी, यातलं आभाळ तेवढं देशेंगचं. आमच्यात कामं वाटून दिलेली असतात. माणूस त्याने कधी काढलाच नाही."

"मग हा कुणी काढला?"

"झुआंगने. गेल्या वर्षी वारला बिचारा. ना घर, ना दार. त्याची सातवी रात्र कुणीच केली नाही."

शूलानने फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती बाहेरच्या दाराशी गेली. तिथल्या पिठात डावा पाय ओढल्याची रेघ होती. उंबऱ्यातून दोन पावलं आत आलेली, आणि तिथूनच मागे वळलेली.