काळ्याच्या उलट काय?

घड्याळजीच्या बायकोचं पार्लर घराच्या पुढच्याच खोलीत होतं. त्या रविवारी खुर्चीत मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या, केसांना काळा रंग चोपडून. संध्याकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचं भाषण होतं.

"अहो, अर्ध्या तासाने मला हाक मारा," असं सांगून बायको टॉवेल धुवायला आत गेली.

घड्याळजीने मान डोलावली आणि तो पुन्हा साप्ताहिकातल्या शब्दकोड्यात घुसला. सगळं सुटलं होतं, एकच शब्द अडून बसला होता. 'काळा'च्या उलट, तीन अक्षरं, शेवटचं 'ळ'.

"पांढरा तर बसत नाही," तो पुटपुटला.

"दुधाचा," दिवाणावरून सासूबाई म्हणाल्या.

"काय दुधाचा?"

"चहा हो, जावईबापू. काळा नको असला की दुधाचाच मागतात ना?"

"आई, शेवटी 'ळ' पाहिजे."

"मग दुधाळ लिहा!"

त्याने चौकटीत अक्षरं मोजली. बसत होतं! "पण दुधाळ म्हैस असते, चहा नव्हे."

"निर्मळ," खुर्चीतून बाईंनी निकाल दिला. "काळं मन, निर्मळ मन. दहावीला विचारतात."

हेही बसलं. घड्याळजी घामाघूम झाला.

एवढ्यात ओल्या हातांनी बायको दारात आली. "त्यात काय एवढं? सरळ! काळा धंदा, सरळ धंदा."

"म्हणजे मी चहा वाकडा करते का?" सासूबाई उसळल्या.

"आई, तुझ्या चहाचा इथे काय संबंध?"

"संबंध कसा नाही? इतकी वर्षं मुकाट पितेस तो!"

बाई व्याकरण समजावू लागल्या, पण सासूबाई कोणाला हार जाईनात. चौघांचे आवाज चढत गेले. शेवटी बोलता बोलता बाईंची नजर आरशात गेली आणि त्या किंचाळल्या. रंग ओघळून कपाळभर पसरला होता, भुवयांपर्यंत.

"अगं बाई! आता उजळ माथ्याने स्टेजवर कशी जाऊ मी?"

"उजळ!" घड्याळजी टाळी वाजवून ओरडला. "सापडला!"

बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "दुनियेची घड्याळं दुरुस्त करता, आणि घरातल्या काट्याकडे बघता येत नाही? पेन ठेवा आणि तो कापूस घ्या."

मग घड्याळजीने भिंगाचा चष्मा चढवला आणि स्क्रू पुसावा तसं बाईंचं कपाळ पुसायला घेतलं. साबण झाला, खोबरेल झालं, कोल्ड क्रीम झालं. बाईंना गुदगुल्या होत होत्या. आधी त्या रागाने हसल्या, मग नुसत्याच हसल्या. तेवढ्यात सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला, आणि बाईंनी तो चांगला झाल्याचं कबूल केलं.

डाग काही गेला नाही. शेवटी बायकोने आपला जांभळा रेशमी रुमाल बाईंच्या कपाळावर घट्ट बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या दोन शिक्षिका पार्लरच्या दारात उभ्या होत्या.

"बाईंसारखं करून द्याल?" एकीने लाजत विचारलं. "काल त्या स्टेजवर अगदी राणी दिसत होत्या हो."