लाल-पांढरे ठोकळे

सेलोर्मनं ठोकळा घ्यायला डावा हात पुढे केला, तशी चाचणी घेणारी एसिनाम पटकन म्हणाली, "उजव्या हातानं, बाळा."

मोठ्यांपुढे डावा हात करायचा नाही, हे ऐकतच ती स्वतःही वाढली होती. मुलीनं हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

मग नमुने सुरू झाले. कार्डावरचं लाल-पांढरं चित्र ठोकळ्यांनी जुळवायचं. सेलोर्मचा ठोकळा घसरायचा, उलटा बसायचा, तोवर वेळ संपायचा. वर्गशिक्षिकेनं सांगूनच टाकलं होतं, पोरगी मंद आहे, तिकडे राजधानीत, अक्राच्या खास शाळेत धाडा. आई इथे आणि ही तिथे वसतिगृहात. ते आजच्या चाचणीवर ठरणार होतं. कोपऱ्यात मॅडम अग्बेनू बसल्या होत्या, त्या एसिनामला गुण देत होत्या. शाळेतली मानसशास्त्रज्ञ व्हायला शिकत होती एसिनाम, शेवटचं वर्ष.

मधल्या सुट्टीत एसिनाम खिडकीशी गेली. बाहेर सेलोर्म मैत्रिणींबरोबर खडे झेलत होती. डाव्या हातानं. एक वर, बाकीचे मुठीत, पुन्हा वर. एकही पडत नव्हता.

एसिनाम बघतच राहिली. मग तिनं मॅडमना सांगितलं, सकाळी हात मीच अडवला, मुलीचं काही चुकलं नाही.

"मीही ऐकलं होतं की," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, पण मला त्यात काही वावगं वाटलंच नाही बघ."

"उरलेले नमुने करून बघू?"

"मला काय विचारतेस? चाचणी तुझी आहे."

सेलोर्म आली. कुठलाही हात चालेल, असं एसिनामनं तिला सांगितलं. मुलीनं शहाण्यासारखी मान हलवली आणि उजवाच हात पुढे केला. मोठ्यांच्या असल्या बोलण्यावर तिचा भरवसा दिसत नव्हता.

एसिनामनं ठोकळा स्वतःच्या डाव्या हातात घेतला आणि तिच्यापुढे धरला. एसिनामचेच कान गरम झाले. सेलोर्मनं मॅडमकडे पाहिलं.

मॅडम उठल्या. खुर्ची फिरवून, खिडकीकडे तोंड करून बसल्या.

ठोकळे वाजायला लागले. थोड्या वेळानं थांबले.

"अजून किती वेळ गं?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

"झालंय केव्हाच," सेलोर्म म्हणाली. "आंटीच नुसत्या बघत बसल्यात."