डावा पाय

काशिनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती रविवारी, आणि मंगळवार उजाडला तरी खाली उतरायचं नाव घेईना.

आणि का उतरावी? चौतीस वर्षं स्वारगेटच्या एसटी वर्कशॉपात घालवलेला माणूस. शेवटची अकरा वर्षं हेड मेकॅनिक. बस आत शिरता शिरता नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. आणि पोटचा पोरगा जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणतो, "क्लच बाबांनीच जाळला. मी आठवडाभर मेलबर्नला होतो ना, तेव्हा फिरवून आणली असणार. त्यांना वाटलं, हीपण एसटीच!" पाहुणे खो खो हसले. सून मृदुला तेवढी हसली नाही.

"मी गाडी चालवलेली नाही," काशिनाथराव म्हणाले होते. "बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून ठेवा, असं तूच सांगितलंस. दहा मिनिटं दारात चालू ठेवली. चाकसुद्धा हललं नाही."

"बरं बाबा, जाऊ दे ना आता," गंधार म्हणाला आणि पाहुण्यांना आमरस वाढायला लागला.

जाऊ दे म्हणे! म्हणजे विश्वास तर नाहीच, वर माफ केल्याचा मोठेपणा. पुढच्या महिन्यात त्यांचं परतीचं विमान होतं. सहा महिने लेकाकडे राहून खोटारडा म्हणून घरी जायचं? त्यांच्या हातांवर उभ्या जन्मात कुणी बोट ठेवलं नव्हतं.

गाडी होती त्र्याहत्तर सालची होल्डन मोनॅरो. नारिंगी रंग, बॉनेटखाली आठ सिलिंडर, आणि न्यूझीलंडमध्ये आता कुणी वापरत नाही तसला हाताने टाकायचा गिअर. गंधार रोज लोअर हटहून ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जायचा, पण शनिवार-रविवार ही भवानी घेऊन टेकड्या चढायचा. पाच वर्षं झाली, तिच्यावर बायकोपेक्षा जास्त जीव. मेलबर्नहून परत आल्यावर वाइनुइओमाताच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही वर जाईना. क्लच गेला. नवीन क्लचचं खोकं गॅरेजमध्ये येऊन पडलं होतं. लाँग वीकेंडला मित्रांना बोलावून बसवायचा बेत होता. घरात हेड मेकॅनिक बसलेला, आणि हा बोलावणार मित्रांना!

मंगळवारी गंधार ट्रेनला गेला, मृदुला हॉस्पिटलात ड्युटीला गेली, तसे काशिनाथराव शेजारच्या रमणकडे गेले. रमण फिजीचा. तिकडे त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि गिअरबॉक्स उतरवायचा जॅक त्याने अजून जपून ठेवला होता.

"बेटे से पूछा?" रमणने विचारलं.

"पूछेगा मेरा जूता!"

रमण हसला आणि जॅक ढकलत आला. दोघांनी गाडी चार स्टँडवर चढवली. काशिनाथराव एकाहत्तरीचे गुडघे घेऊन खाली सरपटले, कण्हले, एकदा पुण्याच्या भाषेत मोठ्ठी शिवी हासडली. प्रोपेलर शाफ्ट सुटला, मग गिअरबॉक्स खाली आला. जेवायची वेळ झाली तेव्हा जुना क्लच वर्तमानपत्रावर मांडलेला होता, आणि काशिनाथराव त्याच्याकडे बघून एकटेच हसत होते. खुनशी हसू होतं ते.

गंधार साडेपाचला आला. गॅरेजच्या दारातच थबकला. गाडी अधांतरी, पोटातून आतडी काढल्यासारखी.

"बाबा! काय केलंत हे? कुणाला विचारून उघडली?"

"इकडे ये."

"विचारायचं तरी! माझी गाडी आहे ती!"

"इकडे ये म्हणतो ना!" काशिनाथराव गरजले, आणि शेहेचाळीस वर्षांचा गंधार मुकाट्याने पुढे झाला. "ही प्रेशर प्लेट. ही मधली बोटं बघ. खाच पडलीय की नाही? नख अडकतंय. आता हे रिलीज बेअरिंग, पाय दाबला की या बोटांवर टेकतं ते. निळं पडलंय, कोरडं ठाक. फिरवून बघ."

गंधारने फिरवलं. ते करकरलं.

"एका दिवसात जळलेला क्लच मी शंभरदा पाहिलाय. त्यात प्लेट करपते, पण बोटांना अशी खाच पडत नाही. ही खाच पडते पाय कायम क्लचवर ठेवून. वर्षानुवर्षं. उगीच, सवयीने. ही गाडी पाच वर्षं कोण चालवतंय? मी?"

गंधार बेअरिंग हातात फिरवत राहिला.

"बोल की आता! परवा पाहुण्यांसमोर फार तोंड चाललं होतं. बोलाव त्यांना परत. मी खोटारडा नाही म्हणून सांग सगळ्यांना!"

गंधारने बेअरिंग खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. बोलला तेव्हा आवाज मात्र बारीक होता.

"सांगतो. फोन करून सांगतो. पण पाय क्लचवर ठेवायला मला कोणी शिकवलं, बाबा?"

"कोणी?"

"तुम्ही. देशमुख काकांच्या फियाटमध्ये. स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटला आणि माझी गाडी बंद पडली. मागे तुमच्याच डेपोची बस होती, ड्रायव्हर खिडकीतून हसत होता. तुम्ही मला सगळ्यांदेखत थोबाडीत मारलीत आणि म्हणालात, क्लचवरचा पाय काढलास तर तंगडी तोडीन."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं," गंधार म्हणाला आणि घरात निघून गेला.

आता मात्र काशिनाथरावांच्या संतापाला कुठे जायचं ते कळेनासं झालं. मारली असेल एखादी! कोणता बाप मारत नव्हता? मुलगा शिकला, परदेशात आला, घर बांधलं, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक थप्पड धरून बसलाय? त्यांनी पाना आपटला. मग हळूहळू आठवलं. तो ड्रायव्हर कोण होता, तेही आठवलं. पोराचं काही चुकलं म्हणून हात उठलाच नव्हता. डेपोतला माणूस हसला, म्हणून उठला होता.

शनिवारी बापलेकांनी मिळून नवा क्लच बसवला. कामापुरतं बोलले. प्लेट मधोमध बसवायला लागतो तो दांडा गंधारकडे नव्हता, तेव्हा काशिनाथरावांनी झाडूच्या दांड्याला टेप गुंडाळून हवा तसा जाड केला आणि पहिल्या झटक्यात प्लेट बसवली. "भारी!" गंधारच्या तोंडून निघून गेलं. काशिनाथरावांना बरं वाटलं.

दुपारी दोघं गाडी घेऊन निघाले. "गिअर पडला की पाय खाली जमिनीवर," काशिनाथरावांनी बजावलं. गंधारने पाय काढला. पाय पुन्हा वर गेला. त्याने पुन्हा काढला. चढाच्या तोंडाशी सिग्नलला थांबले. हिरवा दिवा लागला, गंधारने घाईत क्लच सोडला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. इथे हॉर्न म्हणजे शिवीच.

काशिनाथरावांचा उजवा हात वर गेला. कशासाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. मागच्याला थांब म्हणायला असेल, नाहीतर नुसताच वैतागून.

गंधारने मान आत ओढून घेतली. डोळे मिटले, खांदे कानाला लावले. केस पिकलेला माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मार खायला तयार.

काशिनाथराव त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून त्यावर बसले. मागून पुन्हा हॉर्न वाजला.

"वाजवू दे लेकाला," ते म्हणाले. "बंद पडली तर पडली. तू कर सावकाश चालू."