उखाच्या पुढं कोरं

माझी जळगावजवळ पिंप्राळ्याला पिठाची गिरणी. श्रावणात आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचा सण आला की आधी गिरणी धुऊन काढायची, मग आळीतल्या लोकांच्या रोटाचे गहू दळायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ-मूठ गहू घ्यायचे, त्या पिठाचा रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची जाड पोळी, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. लोकांच्या पाट्या भरून गहू यायचे. आमच्या घरच्या तीनच मुठी. माझे वडील पितांबर, त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांची एक, माझी एक, पोराची एक. नाना दरवर्षी ते पीठ बघून म्हणायचे, "हे तर चाळणीलाच चिकटून राहील."

आमचे भाऊबंद पिंपळनेरला. नानांचे वडील राघो तरुणपणी भांडून जळगावला जिनिंगवर आले, ते परत गेलेच नाहीत. अठ्ठ्याऐंशी साली नाना मोठ्या दुखण्यातून उठले आणि म्हणाले, "एकदा भाऊबंदांच्या पंगतीत रोट खाऊ दे. मग खुशाल मरतो."

मी पिंपळनेरला गेलो. तिथले कर्ते मोतीलालभाऊ. चहा पाजला, बिडी दिली, आणि आमचं आडनाव ऐकून म्हणाले, "खान्देशमा बठ्ठा पाटीलच शेतस. उद्या कोनी बी येई आनि रोट खाई जाई. धुयाले भाटन्या वह्या शेतस. त्यामा नाव दखाड, मंग पंगतमा बस."

भाट म्हणजे पूर्वी गावोगाव फिरायचा, कुळातली नवी नावं वहीत चढवायचा. त्या वह्या धुळ्यातल्या एका खासगी संशोधन ग्रंथालयात कोणीतरी देऊन टाकलेल्या. मला वाटलं, जायचं, नाव बघायचं, यायचं.

गेलो तो बुधवार. बुधवारी बंद. पुन्हा एसटी धरून गेलो, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "सभासद आहात का?"

"नाही."

"मग होऊन या. दोन सभासदांची शिफारस लागेल."

"धुळ्यात मला कुत्रं ओळखत नाही, साहेब."

"मग अवघड आहे."

"तुमची वही बघण्यापेक्षा आमदार होणं सोपं दिसतं."

तो हसला नाही. हसला असता तर माझा अर्धा राग तिथंच गेला असता.

शेवटी गव्हाचा एक व्यापारी त्यांचा सभासद निघाला, त्यानं दुसरा गाठून दिला. पुन्हा गेलो. आधी खिशातलं पेन काढून घेतलं, म्हणे इथं फक्त पेन्सिल. मला पेन काय आणि पेन्सिल काय, मी कुठं लिहिणार होतो? मग वही पुढ्यात आली. उघडली तर मोडी. मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. मला धड बाळबोध वाचता येत नाही. मोडी वाचणारे लीलाधर सर कधी येतात विचारलं, तर शनिवारी. त्या दिवशी कुठला शनिवार असायला?

शनिवारी सर भेटले. माणूस चांगला. पानावर बोट न टेकवता वाचत गेले.

"उखा आहे," सर म्हणाले.

उखा म्हणजे नानांचा आजा. माझ्या जीवात जीव आला. "पुढं वाचा, सर. राघो."

"पुढं कोरं आहे. त्यानंतर भाट गावात आलाच नसेल."

"पण राघो नव्हता तर मी कुठून आलो?"

"ते मला मान्य आहे."

"मग तेवढंच लिहून द्या."

"तसं देता येत नाही. वहीत आहे त्याची नक्कल देतो."

आता नसलेल्या नावाची नक्कल घेऊन करायचं काय? तरी घेतली. एवढे हेलपाटे मारून रिकाम्या हातानं कोण जाणार?

घरी नानांना सगळं सांगितलं. ते उठून टोपी शोधायला लागले. "चल. नाही म्हणतील तर माझ्या तोंडावर म्हणू दे."

पिंपळनेरला पोहोचलो तर मोतीलालभाऊंच्या घरात रोटाचे गहू घेणं चाललेलं. त्यांची चुलती झुंबरबाई अक्का, घरात सगळ्यात मोठी, तीच मुठी टाकत होती. नाना ओट्यावरच बसले. बोलावल्याशिवाय आत येत नाही म्हणाले.

मी नक्कल दिली. मोतीलालभाऊंनी वाचली. "राघो नही."

"नाही," मी म्हटलं. भांडायची ताकद संपली होती.

त्यांनी पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा. "अक्का, मना आजा दगा कोठे शे यामा?"

दगा आणि राघो सख्खे भाऊ. उखाच्या पुढं कोरं म्हणजे दोघांच्याही पुढं कोरं. हे मला धुळ्यात सुचलं नव्हतं, सरांना तर दगा माहीतच नव्हता.

अक्कानं हात थांबवला नाही. "मंग तुले बी भायेर बसाडू का, मोती?"

मोतीलालभाऊंनी चष्मा उतरवला.

"तुना घरमा मानसे कितला?" अक्कानं मला विचारलं.

"तीन."

तिनं तीन मुठी टाकल्या. चांगल्या भरून, आमच्या घरी पडतात त्याहून मोठ्या. मग दळणाची पाटी पुढं ओढत ओट्याकडं बघून ओरडली, "पितांबर, मझार ये. दयाले उशीर व्हई ऱ्हायना."

नाना आत आले. चपला कुठं काढायच्या तेच त्यांना सुचेना.

मोतीलालभाऊंनी नक्कल घडी घालून खिशात ठेवली. "पुढला बुधवारे मी धुयाले जास. दगाबानं नाव चढाडाले."

मी म्हटलं, "बुधवारी नका जाऊ, भाऊ. बंद असतं. आणि पेन घरीच ठेवा."