शेठच्या गाडीची काच

शेठची होडी किल्ल्याकडे निघाली आणि गंगारामचे हात शिवशिवायला लागले. गाडी धक्क्यावरून हलवायची नाही, असं शेठनी दोनदा बजावलं होतं. पण १९८६ साली, बटण दाबलं की काच वरखाली होणारी विलायती गाडी मालवणात आणायची आणि हाकेच्या अंतरावरच्या आपल्या वाडीला ती दाखवायची नाही, एवढा संयम गंगारामच्या घराण्यात कुणालाच नव्हता.

सगळी वाडी लोटली. गंगाराम एकेकाला आत बसवी, धाडकन दार लावी आणि म्हणे, दाब. काच वर, काच खाली. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे बसले. भटजी तर दोनदा बसून गेले. फक्त त्याची आई शेवंती लांब उभी होती. ती बांगडे साफ करून आली होती, म्हणून गाडीला हात लावायला तयार नव्हती.

शेवटी काच खाली गेली ती गेलीच. बटण दाबून दाबून गंगारामचं बोट दुखलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आधीच्या ड्रायव्हरला शेठनी एका ओरखड्यापायी घरी बसवलं होतं, आणि ही नोकरी गंगारामला सहा महिने खेटे घालून मिळाली होती. शेवंती धावत घरात गेली, वाटीभर खोबरेल घेऊन आली आणि कुणी नको म्हणायच्या आत तिने ते काचेच्या फटीत ओतलं. कुरकुरणाऱ्या दारापासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत तिचा हाच इलाज.

"आये, तुझ्या तेलान माझी नोकरी घालवल्यान," गंगाराम ओरडला. ती रिकामी वाटी धरून मागे सरली.

कुणीतरी बाबलीला आणलं. तो विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. गाडीची मोटार त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि म्हणूनच तो धावत आला होता. त्याने दाराचं आतलं आवरण उचकटलं तेव्हा गंगारामने डोळे मिटून घेतले. आत मुठीएवढी मोटार होती. बाबलीने तिला बॅटरीवरून थेट दोन वायरी लावल्या आणि काच बोटभर वर सरकली. वाडी नाचायलाच लागली. तेवढ्यात कुणीतरी हात करून दाखवलं: किल्ल्याकडून होडी परत निघाली होती.

बाबली घामाने निथळत होता, पण डोळे चमकत होते. वायर चाचपत चाचपत तो दाराच्या बिजागरीपाशी आला आणि हसला.

"तेलाचो काय एक गुन्हो नाय. तू शंभर खेपे दार आपटलंस, तेवां हंय वायर तुटली."

गंगाराम मान खाली घालून उभा राहिला. बाबलीने दातांनी वायर सोलली, पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली, आवरण परत ठोकून बसवलं. होडी निम्म्यावर आली होती. आता बटण दाबायला कुणीच पुढे होईना.

"आये, तू दाब," गंगाराम म्हणाला.

"माझ्या हातांक माशांचो वास येता रे."

"येवंदे."

शेवंतीने बोट टेकवलं. काच सरसर वर गेली, सकाळपेक्षाही झपाट्याने. तिने ती लगेच खाली घेतली आणि पुन्हा वर नेली. तिला इतका आनंद झाला होता की गंगारामला तिचा हात धरून बाजूला करावं लागलं.

होडी लागायच्या आत गाडी धक्क्यावर परत उभी होती. शेठ येऊन तिच्यात बसले. काच खाली केली, वर केली, थबकले. ही आज इतकी छान कशी चालते, म्हणून त्यांनी विचारलं. थाप गंगारामच्या जिभेवर आलीच होती. ती त्याने गिळली.

"गाडी घरी नेली होती शेठ. आईने तेल घातलं."

शेठनी काच पुन्हा एकदा खाली-वर करून बघितली.

"मग बाकीच्या तीन काचांनी काय घोडं मारलंय?" ते म्हणाले. "चल, आधी तुझ्या घरी घे."