सिरीयलच्या वेळेला लावलेलं दार

साडेसातची ती सिरीयल आमच्या परळच्या चाळीत सगळेच बघतात. विधवा आई प्रेमात, कॉलेजातली पोरगी प्रेमात, आणि दोघी एकमेकींपासून लपवतात. शेजारच्या सुंदराबाई रोज टीव्हीला शिव्या घालतात. "पोर वयात आलीये नि हिची थेरं बघा!" मी मान डोलावते. दुसरं काय करू? मीही विधवाच, माझी अक्षता सतरा वर्षांची, आणि ऑफिसातला राजरत्न मला लग्नाचं विचारून बसलाय. अक्षताला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, या धास्तीनं मला घास गिळवत नाही. सिरीयल बघताना ती एक शब्द बोलत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवारी कामावरून आले तर आमचं दार आतून लावलेलं. आमच्याकडे झोपेपर्यंत कुणी दार लावत नाही. लावलं की समजायचं, काहीतरी भानगड आहे. सुंदराबाई गॅलरीत उभ्या. चक्क सिरीयल सोडून!

"आत पुरुषाचा आवाज येतोय गं प्रिती. बराच वेळ झाला."

खालच्या मजल्यावरचा वरद आठवला, जिन्यात अक्षताशी खिदळत उभा असतो तो. म्हटलं, आज हिची खैर नाही. तरातरा दाराशी गेले आणि उंबऱ्याजवळ पुरुषाच्या सँडल दिसल्या. तपकिरी, डावीचा पट्टा नव्यानं शिवलेला. तो दादरला शिवून घेताना मीच शेजारी उभी होते.

ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. कसंबसं म्हटलं, "अक्षता, उघड."

तिनं मला आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली. राजरत्न खाटेच्या टोकाला, हातात पोह्यांची बशी, घामाघूम. मला बघून ताडकन उठला आणि म्हणाला, "जय भीम." येडा कुठचा! दुपारीच तर एकत्र जेवलो होतो.

"तुझ्या फोनवर यांचे मेसेज वाचले," अक्षता म्हणाली. "मीच बोलावलं. मुलगी बघायला येतात ना, तसं. फक्त प्रश्न मी विचारले."

"काय विचारलंस?"

"दारू पिता का. आईवर आवाज चढवता का. पप्पांचा फोटो भिंतीवर राहिला तर चालेल का."

"चालेल म्हणालो," राजरत्न घाईघाईनं बोलला.

"तू गप रे!" मी त्याच्यावर खेकसले आणि अक्षताकडे वळले. "आणि तू दार कशाला लावलंस? बाहेर काय बोलतायत माहितीये? तू आत पोराला घेतलंयस म्हणून!"

"माहितीये."

"मग?"

"उघडं ठेवलं असतं तर यांना बघून तुझं नाव घेतलं असतं. माझं घेऊ देत. मी भांडेन त्यांच्याशी. तुला नाही झेपणार, आई."

मला रडूच कोसळलं. एवढीशी पोर ही, माझ्यासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घ्यायला निघालेली. मी डोळे पुसले, कडी काढली आणि दार सताड उघडलं. सुंदराबाईंसोबत आता अजून दोघी जमल्या होत्या.

"अक्षताचं काही नाही, सुंदराबाई," मी म्हणाले. "हा राजरत्न. माझ्याकडे आलाय. आम्ही लग्न करतोय."

मागून अक्षतानं माझा हात घट्ट धरला.