निजलेली दीपकाडी

"दसरा झाला की ह्याला पाणी दाखवू नको गो बाय. निजू दे," असं शेजारच्या सोनूकाकीने बजावलं होतं. वेदिकाने मान डोलावली आणि ते कानाआड केलं. बॉटनी घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीला कुंडीचं काय सांगायचं?

मालगुंडच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर, आषाढात खळग्यांतून ही पांढरी फुलं वर येत. गावाच्या लेखी ती नुसती सड्यावरची फुलं. सोनूकाकी मात्र दर वर्षी ओंजळभर खुडून आणी आणि भरतीच्या पाण्यात सोडी. तिचा मुलगा गंगाराम लहानपणी हीच फुलं तिच्यासाठी घेऊन यायचा. मोठा झाला, होडीवर गेला, आणि होडीसकट गेला तो सापडलाच नाही. दिवा लावायला जागा नाही, मग फुलं तरी.

लग्न होऊन आल्यावर वेदिकाने काकीच्या हातात ती पाहिली. गवतासारखं पान, सहा पाकळ्या, मंद वास. कॉलेजच्या मॅडमना फोटो पाठवला, तेव्हा कळलं की ही दीपकाडी. कोकणातल्या सड्यांखेरीज सहसा कुठे न दिसणारी. तिने धावत जाऊन सांगितलं, तर काकी म्हणाली, "असंल. फुलाला कुठं ठाऊक हाय ता?"

गेल्या वर्षी सड्यावर चिरेखाण आली. मशीन पोचायच्या आधी दोघींनी खळग्यांत बोटं घालून सात कंद सोडवले, छोट्या कांद्याएवढे. काकीचं अंगण पुळणीचं, नुसत्या वाळूचं नि खाऱ्या वाऱ्याचं. म्हणून कुंडी वेदिकाच्या पडवीत आली.

कार्तिकात पानं पिवळी पडली, मग नाहीशीच झाली. उरली नुसती माती.

आता वेदिका कशी, तर निजलेल्या लेकीला उठवून दूध पाजणारी. भाविका अपुऱ्या दिवसांची, जन्मली तेव्हा जेमतेम पावणेदोन किलोची. नवरा अजिंक्य बोटीवर. पोर जरा जास्त वेळ झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. काकी हसायची. "निजलेलं पोर मेलेलं नसतं गो," म्हणायची.

अशा आईला ती कोरडी कुंडी बघवली नाही. भाविकाच्या फुलपात्रात उरलेलं पाणी ती रोज तिथे ओतू लागली. जरासंच. शिमगा झाला, वैशाख झाला, तिचा नेम चुकला नाही.

आषाढ लागला. काकी रोज सकाळी पडवीच्या खांबाला टेकून कुंडीकडे बघायची आणि वेदिका म्हणायची, यंदा उशीर दिसतोय. अर्धा महिना तसाच गेला. मग एके दिवशी काकी खाली बसली आणि तिने मातीत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळं, कुजका वास घेऊन. तिने सगळी माती उकरली. सातही कंदांचा चिखल झाला होता.

"पानी घातलंस?"

"थोडंसं. सुकलेलं बघवेना, काकी."

काकीने पदराला बोट पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मलाही बघवलं नसतं," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या दिवशी भरतीच्या वेळी ती किनाऱ्यावर रिकाम्या हातांनी उभी होती. वेदिका लांबूनच बघत राहिली. जवळ जायचं धाडस झालं नाही. पुढच्या आठवड्यात काकीची भाची राजश्री येऊन तिला लांज्याला घेऊन गेली. वेदिका फोन करते. काकी बोलायला येत नाही. नुसती बसून असते, राजश्री सांगते.

भाविका निजली की वेदिका हल्ली तिला उठवत नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून शेजारी बसते.

लांज्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ती एक सांगते, तेच तुम्हालाही. स्टँडमागे काजूचा कारखाना आहे, त्याच्या शेजारी राजश्रीचं घर विचारा. फुलांचं काही काढू नका. काकी जेवली का, तेवढं बघा. आणि तिथे समुद्र नाही, म्हणून घटकाभर तिच्याजवळ बसा.